तपासता आले नाही, असे लिहा

शिट्टी वाजली आणि मी जमिनीवर पालथी पडले. दोन्ही तळवे कानांवर. तोंड उघडे. डोळे मिटलेले.

हे शाळेच्या ओसरीवर झाले. कळंबच्या पलीकडच्या एका वाडीतली शाळा. नव्वदचे दशक अर्धे सरले होते. मी दुसरीत होते. पुण्याहून तपासणीचे पथक आले होते. ज्या मुलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा शिकवलेले कळत नाही, अशांची नावे गुरुजींनी आधीच काढून ठेवली होती. माझे नाव त्यात पहिले होते.

टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे चित्रांचा गठ्ठा होता. पहिले चित्र कुत्र्याचे.

"हे काय आहे, सांग बरं."

"कुक्का," मी म्हणाले.

खिडकीच्या गजांना सगळा वर्ग चिकटला होता. तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कागदावर फुली मारली.

आम्ही वडार. दगड फोडणारे. आमच्या घरात वडारी बोलतात. ती तेलुगूच्या जवळची भाषा आहे. तिच्यात कुत्र्याला कुक्का म्हणतात. उत्तर बरोबर होते. फुली पडली. पुढच्या चित्रांना मी तोंड उघडले नाही.

"मुकी हाय ती, बाई," गुरुजी म्हणाले. "वर्गात नुसती मातीच्या गोळ्यावानी बसती."

"आत्ता काहीतरी बोलली ना."

"काय बोलली ते तिचं तिला ठावं."

मग मला ऐकू येते का ते पाहायचे ठरले. बाईंची घंटी आदल्या गावी राहिली होती. पथकातल्या एका साहेबांनी खिशातून शिट्टी काढली आणि माझ्या पाठीमागे जाऊन वाजवली. आमच्या शाळेत घंटा होती, शिट्टी नव्हती. शिट्टी मी फक्त एका ठिकाणी ऐकली होती.

माझे वडील खडीच्या खाणीवर होते. खाणीत सुरुंगाचा बार उडवण्याआधी मुकादम शिट्टी मारतो. ती ऐकली की पोरांनी असेल तिथे पालथे पडायचे. कान दाबायचे. तोंड उघडे ठेवायचे, बंद ठेवले तर कान फुटतात. आणि आपल्या माणसाने नाव घेऊन हाक मारल्याशिवाय उठायचे नाही. कधी एक बार उडतो आणि दुसरा मागाहून उडतो. कोण काय ओरडते तिकडे लक्ष द्यायचे नाही. आपले नाव, आपल्या माणसाच्या तोंडून. तेवढेच ऐकायचे. खाणीवरच्या पोरांना चालता येऊ लागले की पहिली शिकवण ही असते. माझ्या चुलतभावाने एकदा लवकर डोके वर काढले होते. त्याचा एक डोळा गेला.

म्हणून मी पडले. म्हणजे मला ऐकू येत होते. चांगले येत होते. मला शिकवले होते ते मी तंतोतंत केले होते.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

मी उठले नाही.

"ए, ऊठ की," गुरुजी म्हणाले. मग दंडाला धरून त्यांनी मला उभे केले. "साहेब, परत वाजवा बरं. परत करती का बघू."

साहेबांनी परत वाजवली. मी परत पडले. खिडकीतून आवाज आला, "फुकाटचा खेळ हाय रे." साहेबही हसले. त्यांनी आणखी एकदा वाजवली. या वेळी मी आधीच खाली होते.

वडील अंगणात उभे होते. त्यांना खाणीवरून बोलावून घेतले होते. अंगावर दगडाची भुकटी, डोक्यावरचे फडके हातात. गुरुजी त्यांना म्हणाले, "आरं, तुझं तरी ऐकती का बघ." वडिलांनी मला आमच्या भाषेत नावाने हाक मारली असती तर मी त्याच क्षणी उठले असते. पण गुरुजींसमोर, पुण्याच्या माणसांसमोर वडारी बोलायची त्यांना लाज वाटली. ते मराठीत म्हणाले, "ऊठ गं पोरी." नाव घेतले नाही.

मी उठले नाही.

"बापाचंबी कळंना," गुरुजी म्हणाले.

बाईंनी कागदावर बराच वेळ लिहिले. मग वडिलांना जवळ बोलावले. त्या वाईट नव्हत्या. आवाज मऊ होता. माझ्या हातात त्यांनी बिस्कीट दिले.

"मुलीची समज कमी आहे. भाषा आलेली नाही. घरात काय बोलता तुम्ही?"

"वडारी, बाई."

"ती बंद करा. दोन भाषांनी तिच्या डोक्यात गोंधळ होतोय. घरात फक्त मराठी बोलायचं. तिच्याशी तरी."

"व्हय, बाई."

"आन् शाळंचं काय करायचं हिच्या?" गुरुजी म्हणाले. "माझा निकाल खाली येतो. खाणीवर ने. खडी तरी उचलील."

"व्हय, गुरुजी."

दोन्ही गोष्टी वडिलांनी पाळल्या. शिकलेल्या माणसांनी सांगितले होते.

माझ्या आईची मराठी बाजारापुरती होती. किती, द्या, न्हाई, उद्या येते. एवढ्यात तिचे काम भागायचे. वडारीत मात्र ती वस्तीतली सगळ्यांत बोलकी बाई. मुकादमाची चाल, त्याची बायको, त्याची मोटारसायकल यांवर ती अशी बोलायची की घण हातात घेतलेले पुरुष हसून खाली बसायचे. मराठीत तिला एकही विनोद येत नव्हता. रागवता येत नव्हते. लाड करता येत नव्हते. तिने माझ्याशी बोलणे सोडले. भाकर खा. पाणी आण. झोप. आई आणि मुलीमध्ये एवढेच शब्द राहिले.

माझ्या मोठ्या भावाला कुणी तपासले नव्हते. त्याच्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. झोपडीच्या बाहेरून मला तिचे हसणे ऐकू यायचे. मी आत पाऊल टाकले की ती थांबायची, शब्द शोधायची आणि म्हणायची, "भाकर खा."

मला वाटायचे, मला काहीतरी झाले आहे. दुसऱ्याला लागणारे. आई त्यापासून भावाला वाचवते आहे.

मी खाणीवर खडी उचलली. पुढे काम संपले आणि आम्ही ओतूरच्या बाजूला दुसऱ्या खाणीवर गेलो. तिथल्या शाळेत मुलींचा पट कमी होता. शिक्षिका वस्तीवर आल्या, नावे लिहून गेल्या. मला आधी तपासले होते का, हे कुणी विचारले नाही. मराठी मला आपोआप येत गेली. वर्गात बसले, ऐकले, आली. घरात आईला गप्प केले नसते तरी ती आलीच असती. दहावी झाली, ओतूरच्या कॉलेजात बारावी झाली. नारायणगावात एका दैनिकाचे कार्यालय होते. तिथे आधी टायपिंग, मग प्रुफे, मग बातम्या. टोमॅटोचे भाव, द्राक्षांवरचा रोग, हायवेवरचे अपघात. उपसंपादक सांगायचे, विशेषण काप, बातमी उरेल. ते मला जमले.

तोपर्यंत दोन हजार दहा साल उलटले होते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाची बातमी करायला मी मंचरला गेले. पुण्याहून एक तरुण वाचातज्ज्ञ आल्या होत्या. मुलांच्या बोलण्यातल्या अडचणी तपासणे हे त्यांचे काम. त्या फळ्यावर काहीही न लिहिता सरळ बोलल्या. ज्या मुलाच्या घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, त्याला तपासताना दोन्ही भाषा तपासायला हव्यात. भाषेचा दोष खरोखर असेल तर तो मुलात असतो, त्यामुळे दोन्हीकडे दिसतो. अडचण फक्त शाळेच्या भाषेत दिसत असेल तर तो दोष नाही, ती भाषा अजून नवी आहे एवढेच. आणि कोणत्याही घराला त्याची भाषा बंद करायला सांगू नका. आई ज्या भाषेत मोकळी आहे तीच मुलाला हवी.

शेजारच्या शिक्षकाने जांभई दिली. माझे पेन थांबले होते.

माझी घरची भाषा कुणी तपासलीच नव्हती. एक शब्द मी तिच्यात बोलले होते. त्यावर फुली आहे.

बातमी दिली. चार ओळींची आली. मी मात्र जागेवर राहिले नाही. त्या आठवड्यात मला ऑफिसात बसवेना. उभी राहायची, दारापर्यंत जायची, परत यायची. कुणावर तरी ओरडायचे होते. गुरुजी निवृत्त होऊन गावाला गेलेले. बाईंचे नाव मला कधीच माहीत नव्हते. रविवारी घरी गेले. आई चुलीपुढे होती. मी तिच्याशी वडारीत बोलले. इतकी वर्षे बाहेर बसून ऐकलेली भाषा. अडखळले, पण बोलले. तिने माझ्याकडे पाहिले. भीती वाटल्यासारखे पाहिले. आणि मराठीत म्हणाली, "भाकर खा."

त्या दिवशी मी ठरवले, आमच्या एकाही पोराला आता मंद म्हणू द्यायचे नाही. मला वाटले, एवढे पुरे आहे.

ते पुरे नव्हते. हे मला दुर्गीने दाखवले.

दुर्गी माझ्या भावाची मुलगी. सहा वर्षांची. ती बोलायची नाही असे नाही. दोन शब्द, तीन शब्द. त्यांचा क्रम लागायचा नाही. शाळेतले सर वहिनीला सांगायचे, "वडराची हाय, व्हईल हळूहळू." मीही वहिनीला तेच सांगत होते. दोष नाही, मराठी नवी आहे. वहिनी मान हलवायची. पटल्यासारखी नाही.

नारायणगावात एका मंगल कार्यालयात मुलांच्या तपासणीचे शिबिर भरले. गावातल्या मोठ्या बागायतदारांचा ट्रस्ट होता. बाहेर हायवेवर टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्या अडकलेल्या, आत हारतुरे. मी बातमीसाठी गेले होते. वहिनीला निरोप दिला होता, ती वडाप जीपने दुर्गीला घेऊन आली. सोबत धाकटी चिमी, चार वर्षांची, कडेवर.

तपासणारे सर तरुण होते, नीटनेटके. दुर्गीला त्यांनी चित्रे दाखवली. ती गप्प. सरांनी वहिनीला विचारले, "घरी वेगळी भाषा बोलता का?"

"व्हय, सर. वडारी."

"मग काळजीचं कारण नाही. दोन भाषांची मुलं उशिरा बोलतात. आपोआप येईल. दोष नाही. फक्त घरात मराठी बोलत जा."

त्यांनी कागदावर लिहिले. दोष नाही.

"सर," वहिनी म्हणाली, "आमच्या भाषेतबी ती बोलत न्हाई."

सरांनी पुढचे नाव पुकारले होते. ट्रस्टचा कार्यकर्ता पुढे आला. "चला ताई, चला. लाइन लई मोठी हाय."

मी पत्रकारांच्या टेबलावर होते. पोहे आले होते. वहिनीचे वाक्य मी ऐकले आणि बशी खाली ठेवली. दोन-तीन वर्षे ती हेच सांगत असणार. सरांना, शाळेला, मला. कुणी ऐकले नव्हते. मीही तिला उत्तर देण्याच्या घाईत होते.

मी उठून तिच्याजवळ गेले. आमच्या भाषेत विचारले, घरी कशी बोलते ती?

वहिनी म्हणाली, मी हिच्याकडे निरोप देत नाही. वस्तू देते.

हे समजायला खाणीवर राहावे लागते. खाणीत पुरुष खाली, बायका वर खडीच्या ढिगावर. घणांच्या आवाजात ओरडून ऐकू जात नाही. म्हणून निरोप पोरे नेतात. दांडा मोडला, दुसरा पाठव. मुकादम आलाय, पाणी आण. चालणारे प्रत्येक पोर हे काम करते. दुर्गी वर पोचायची आणि नुसती उभी राहायची. म्हणून वहिनीने आपल्यापुरता मार्ग काढला. दांडा हवा असेल तर मोडक्या दांड्याचा तुकडा हातात द्यायचा. पाणी हवे असेल तर रिकामा तांब्या. चिमीला असे काही द्यावे लागत नव्हते.

मी टेबलाशी गेले. "सर, हिला आमच्या भाषेत तपासलंत का?"

"मला ती भाषा येत नाही, मॅडम."

"मग दोष नाही हे कशावरून?"

"अनुभवावरून. तुमच्या... या समाजाची मुलं अशी शांतच असतात. मी बरीच पाहिलीत."

कार्यकर्ता मध्ये आला. "ताई, तुमी पेपरवाल्या. तुमी फोटो काढा, चहा घ्या. हे डॉक्टर लोकांचं काम हाय."

"ही माझी भाची आहे."

"आं?" त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी वडार हाय व्हय? वाटत न्हाई राव."

तो माझे कौतुक करत होता.

पुढच्या मुलासाठी खुर्ची रिकामी झाली होती. मी तिच्यात बसले. रांगेतून कुणी म्हणाले, "आता ह्या बाईला तपासा आधी." लोक हसले. मला शिट्टीच्या वेळचे हसणे ओळखता आले. पण मी आता जमिनीवर नव्हते.

वहिनीला मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायला सांगितले. दुर्गीला जवळ घेऊन आमच्या भाषेत निरोप दिला. आईला सांग, आत्याची पिशवी जीपमध्ये राहिली, जीपवाल्या काकाला विचार. दुर्गी गेली. आईपुढे उभी राहिली. आपल्या हाताकडे पाहिले. हातात काही नव्हते. तिने रिकामी मूठ उघडून आईला दाखवली आणि परत आली.

तोच निरोप चिमीला दिला. ती पळत गेली, सगळा सांगितला आणि वर स्वतःचे जोडले, आत्या खुर्चीत बसलीय आणि सगळे तिच्यावर चिडलेत.

निरोप काय होता आणि चिमीने काय सांगितले, ते मी सरांना मराठीत सांगितले. "एकाच घरात वाढल्यात. भाषा त्याच दोन. दोन भाषांमुळे उशीर होत असेल तर धाकटीला का नाही?"

"हे शास्त्रीय नाही," सर म्हणाले.

"मान्य आहे. शास्त्रीय तुम्ही करा. आमच्या भाषेचं माणूस सोबत घेऊन करा. आज जमत नसेल तर दोष नाही असं लिहू नका. मंद आहे असंही लिहू नका. तपासता आलं नाही, असं लिहा."

"असा रकाना नाही, मॅडम."

"समासात लिहा."

"मागे लोक थांबलेत."

"मलाही दिसतंय."

कार्यकर्ता फोन घेऊन बाहेर गेला. तो माझ्या ऑफिसला लावत होता, हे नंतर कळले. रांगेतल्या एका बाईने, कडेवर मूल, डोक्यावर पदर, ठाकर आदिवासी असावी, मला विचारले, "भांडण कशाचं हाय?" मी सांगितले. ती म्हणाली, "आमच्या ह्याचंबी घरचं बोलणं येगळंच हाय." आणि रांगेतून बाहेर न जाता माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली.

सरांनी दोष नाही या शब्दांवर रेघ मारली. समासात लिहिले. घरच्या भाषेत तपासणी होऊ शकली नाही. पुण्याला पाठवावे. सही केली. माझ्याकडे न पाहता कागद सरकवला.

ऑफिसात मला विचारण्यात आले की मी बातमी आणायला गेले होते की करायला. शिबिर उत्साहात पार पडल्याची बातमी दुसऱ्याने लिहिली.

पुण्यात दुर्गीला दोन्ही भाषांत तपासले. वहिनी शेजारी बसली, मी अर्थ सांगत गेले. दोष होता. वडारीत होता, मराठीतही होता. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन वर्षे आधी यायला हवे होते. वहिनीने विचारले, "म्या तर तवापासून सांगत व्हते. कुणाला सांगायचं ऱ्हायलं?" वहिनीने घरात मराठी बोलायचे का, हेही विचारले. बाई नको म्हणाल्या. तिथे दुर्गीसोबतचे काम वहिनीच्याच भाषेत सुरू झाले. दुर्गी अजून अडखळते. पुढेही अडखळेल. निरोप आता अर्धा पोचतो.

मला दोष नव्हता. लिहिला गेला, आणि माझी आई माझ्यासाठी कायमची मुकी झाली. दुर्गीला दोष होता. तो नाही असे लिहिले जात होते, आणि तिचे उपचार हुकणार होते. दोन्ही वेळा टेबलामागच्या माणसाने एकच गोष्ट केली. आमची भाषा मोजण्याच्या लायकीची धरली नाही. दोष लावणारा आणि दोष नाकारणारा, दोघेही मला आता सारखेच दिसतात.

त्यामुळे आमची पोरे हुशार आहेत हे सिद्ध करत फिरण्यात मला रस राहिलेला नाही. काही हुशार असतील, काही नसतील, काहींना उपचार लागतील. इतरांच्या पोरांसारखेच. मला तपासणी हवी आहे. पूर्ण. दोन्ही भाषांत.

वस्तीतले कोणतेही मूल आता तपासणीला एकटे जात नाही. मी जाते. रजा मिळाली तर रजा टाकून, नाही मिळाली तरी. बाहेर बसा म्हणतात. बसत नाही. लेकराच्या भाषेत विचारल्याशिवाय लिहिलेला शेरा, चांगला असो की वाईट, आम्ही घेत नाही. कागद टेबलावर ठेवतो, मूल उचलतो आणि निघतो. पुढच्या शिबिराला पुन्हा त्याच टेबलासमोर येऊन उभे राहतो.